तुझं खातं बंद करताना

हरेश, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी काय काय केलं त्याची यादी माझ्याकडे आहे. पेणच्या शाखेला कळवलं. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदलला. तुझ्या टेबलाचा खण रिकामा केला. त्यात चष्मा, दोन नेटवर्क केबल, रक्तदाबाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणि कागदात बांधलेली सुक्या जवळ्याची पुडी निघाली. पुडी सोडून सगळं रामवाडीला तुझ्या घरी पोचवलं. पुडी अजून माझ्या कपाटात आहे, तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही. बाकी प्रत्येक कामापुढे टिक आहे.

मला अजून रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते. रक्त काढताना दंडाला पट्टी बांधली आणि बांधणारा सोडायचं विसरून गेला, तर हाताला जसं होतं तसं मला सगळीकडे झालंय. दुखत नाही. आहे एवढंच कळतं.

रविवारी पेणच्या शाखेत तुझ्यासाठी सगळे जमणार आहेत. लॅबच्या मालकीणबाईंनी, आपल्या मॅडमनी, मला बोलायला सांगितलंय. मला कागद हातात नसला की बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि जे लिहीन तेच वाचेन. तुझा जन्म, शिक्षण, मागे कोण कोण, हे लॅबच्या दारावरच्या फलकावर लागलंय. ते मी पुन्हा सांगणार नाही. आपल्या दोघांत दोन कामं अर्धवट राहिली आहेत, तेवढीच घेते.

जमलेल्यांत काही जण नवीन आहेत, त्यांच्यासाठी एवढं सांगते. आपल्या रक्ततपासणीच्या दोन लॅब, एक रोह्याला आणि एक पेणला. दोन्हीकडचे रिपोर्ट रोह्याच्या एका सर्व्हरवर राहतात आणि तो सर्व्हर लिनक्सवर चालतो. तो तू बसवलास. मी तेव्हा रोह्याला रेकॉर्ड सांभाळायचे. मशीन, रजिस्टर, फाइल, चिठ्ठी, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. तू आलास, तो काळा पडदा उघडलास आणि माझा माउस उचलून खिडकीत ठेवून दिलास.

"ताय, हितं बोट दाखवून चालत नाय. नाव घेऊन सांगावं लागतं."

पहिल्या दिवशी तीनच शब्द शिकवलेस. pwd म्हणजे आपण कुठे आहोत. ls म्हणजे इथे काय काय आहे. cd म्हणजे तिकडे जायचं. एवढं आलं की माणूस हरवत नाही, असं म्हणालास. मी लगेच वहीत तीन ओळी लिहिल्या आणि आपलं भांडण त्याच क्षणी सुरू झालं. तुझं म्हणणं, वही बंद कर, हाताला सवय लागू दे, विसरलीस तर man लिहून विचार, मशीन स्वतःच सांगेल. माझं म्हणणं, समोर पेशंट उभा असताना इंग्रजीतली चार पानं वाचायला मला वेळ नाही, मला एक ओळ हवी. मी अकरा ओळींची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सकाळी आल्या आल्या uptime, म्हणजे मशीन कधीपासून चालू आहे आणि त्याच्यावर भार किती. मग df -h, डिस्कवर जागा किती उरली. मग systemctl --failed, रात्रीतून कुठली सेवा बंद पडली का. मग tail लावून लॉगच्या, म्हणजे मशीनच्या रोजनिशीच्या, शेवटच्या ओळी. तू येताजाता त्या दाराला नमस्कार करायचास, देवघर असल्यासारखा. पण एकदा तू तापाने पडलेला असताना मी फोन केला, तेव्हा म्हणालास, "तुझ्या यादीतलं चौथं दे, नि काय येतं ते सांग." म्हणजे यादी तुला पाठ होती. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते.

डेंगीच्या दिवसांतला तो शनिवार आठवतोय ना? बाहेर रांग, आणि एकही रिपोर्ट सेव्ह होईना. मी फोन लावला तर तू पेणच्या बाजारात मासळीसमोर उभा. मी df -h दिली, डिस्क शंभर टक्के भरलेली. तू म्हणालास, आता du -sh लावून /var/log मध्ये कोण किती खातंय ते बघ आणि sort -h ने लहानापासून मोठ्यापर्यंत लाव. शेवटची ओळ प्रिंटरच्या लॉगची होती. प्रिंटर आठवडाभर एकच तक्रार लिहीत बसला होता आणि त्याने अख्खी डिस्क खाल्ली होती. मी विचारलं, उडवू का? तू म्हणालास, उडवून जागा सुटणार नाही, ज्याने ती फाइल धरून ठेवलीय तो सोडत नाही तोवर जागा अडलेलीच राहते. फाइल राहू दे, आतलं रिकामं कर, truncate -s 0. तेवढ्यात मागून मासळीवालीचा आवाज, "घेतंस का नाय रं? का नुसता हुबा?" आणि तू तिला, "थांब गो मावशे, हितं मानसांचे रिपोर्ट अडकलेत." ती म्हणाली, "मंग माजी पापलेटं काय तुजे रिपोर्ट खानार?" मी इकडे रांगेसमोर हसले. डिस्क एकोणचाळीस टक्क्यांवर आली. त्या दिवशी तू पापलेट घेतलंस की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

अडकलेला प्रोग्रॅम थांबवायचा तर मी सरळ kill -9 द्यायचे. काम लगेच होतं. तू दर वेळी हात धरायचास. आधी नुसतं kill, म्हणजे त्याला निरोप जातो, हातातलं काम आवरून तो स्वतः बाहेर पडतो. दहा सेकंद थांब. नाहीच ऐकलं तर नऊ. "येवढी कसली घाई तुला?" तेव्हा मला वाटायचं, तुला घाई नसते म्हणून पेणहून यायला रोज उशीर होतो.

आता पहिलं काम.

काही वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी दीड वाजता आपण डबे उघडत होतो. तुझ्या स्क्रीनवर तुझं लॉगिन चालू होतं. तू म्हणालास, "ताय, रिपोर्टमधलं tmp तेवढं साफ कर, मी हात धुवून येतो." मी तुझ्या खुर्चीत बसले. sudo म्हणजे पूर्ण हक्काने, rm -rf म्हणजे काही न विचारता पुसणं. लिहायचं होतं ते असं:

sudo rm -rf /data/reports/tmp/*

मी लिहिलं ते असं:

sudo rm -rf /data/reports/ tmp/*

एका मोकळ्या जागेचा फरक. पहिल्या ओळीत tmp या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरच्या आतलं पुसलं जातं. दुसऱ्या ओळीत आधी सगळे रिपोर्ट पुसले जातात आणि मग tmp शोधलं जातं. मी एंटर दिला. पडद्यावर काही आलं नाही. बरोबर झालं तरी तो काही बोलत नाही आणि चुकलं तरी बोलत नाही, हे तूच शिकवलेलं. मी उठले, आपण जेवलो. माझ्या डब्यात वालाचं बिरडं होतं, ते तू अर्धं संपवलंस.

रोज दुपारी दोन वाजता रिपोर्टांची एक प्रत rsync ने पेणच्या मशीनवर जायची. पेणचं मशीन संध्याकाळी बंद व्हायचं, म्हणून आपण जेवणाची वेळ ठरवली होती. त्या ओळीत तू --delete घातलं होतंस. रोह्याला जे नाही ते पेणलाही ठेवू नको, असा त्याचा अर्थ. दोन वाजता रोह्याला काहीच नव्हतं. दोन वाजून काही मिनिटांनी पेणलाही काही उरलं नाही. आपण तेव्हा हात धूत होतो.

जुने बहुतेक रिपोर्ट छापून लोकांच्या हातात गेले होते. पण डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या एकसष्ट माणसांची वार्षिक तपासणी झाली होती, ती छापायची होती. एंट्री झाली की मशीनच्या चिठ्ठ्या आपण फेकून द्यायचो. त्याही गेलेल्या. एकसष्ट माणसांना पुन्हा सुई टोचायची होती.

तू मला स्टोअरमध्ये नेलंस. आवाज चढवला नाहीस.

"दोन चुका हायत. एक तुझी, एक माझी. मी ते डिलीट घातलं नसतं तर पेणला प्रत राहिली असती. सांगायला एक मानूस पुरे. लॉगिन माझं हाय."

मॅडमनी विचारलं, ओळ कोणी दिली. तू म्हणालास, मी. मी तुझ्या शेजारी उभी होते, हातात रजिस्टर होतं. मी गप्प राहिले. ठरवून नाही. नुसती गप्प राहिले, आणि मग तेच कायम झालं.

तीन सकाळी तू टेक्निशियनला घेऊन डोलवीच्या गेटवर गेलास. शिफ्ट सुटायच्या वेळी माणसं अडवून पुन्हा रक्त घेतलंत. एक जण तुला म्हणाला, पयलं रगात काय पिलात? हे तू मला हसत सांगितलंस. ठेकेदार काय बोलला ते सांगितलं नाहीस. ते मला दुसऱ्याकडून कळलं.

त्यानंतर मी घोळवही सुरू केली. चार रकाने: काय झालं, ओळ कोणी दिली, ओळ कोणी वाचली, कसं निस्तरलं. पहिली नोंद तू सांगितलीस आणि मी लिहिली. "ओळ कोणी दिली" याखाली माझ्या अक्षरात तुझं नाव आहे. माझ्या कुठल्याही यादीत खोटी नोंद नाही, असं मी लोकांना सांगते. एक आहे, आणि ती पहिल्या पानावर आहे.

"ओळ कोणी वाचली" हा रकाना तुझा. पुसायची, हलवायची, मालकी बदलायची कुठलीही ओळ असली की लिहिणाऱ्याने हात कीबोर्डवरून उचलायचे आणि वर धरायचे. दुसऱ्याने ओळ मोठ्याने वाचायची, एकेक अक्षर. मोकळ्या जागेला तू बांध म्हणायचास. तुझ्या वडिलांच्या मिठागरात मीठ पिकायच्या दोन कुंड्यांच्या, म्हणजे वाफ्यांच्या, मधला बांध फुटला की दोन्हीकडचं मीठ जायचं, आणि नको तिथे बांध घातला की पाणी दुसरीकडेच वळायचं. "आर एम, बांध, वजा आर एफ, बांध." वाचणाऱ्याने "दे" म्हटलं तरच एंटर. "नको" म्हटलं तर ओळ पुसायची, वाद नाही. इतक्या वर्षांत एकदाही आपण तो नियम मोडला नाही. लोक आपल्याला हसायचे. रिपोर्ट मात्र पुन्हा गेले नाहीत.

रिपोर्ट गेल्यानंतर दोन महिन्यांनी मॅडमनी दोन्ही शाखांच्या रेकॉर्ड आणि कॉम्प्युटर विभागाची जबाबदारी कोणाला द्यायची ते ठरवलं. त्याआधी ती तुलाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. ती मला मिळाली. तू कोलाडच्या हॉटेलातून वडे बांधून आणलेस, सगळ्यांना वाटलेस आणि म्हणालास, वर यादीवाली बाईच पायजे. मी वडा खाल्ला.

दुसरं काम एका वादाचं आहे. तो तू जिंकलास की नाही, ते अजून ठरायचं होतं.

पेणच्या काउंटरवरची मुलगी, प्रणाली, लग्न होऊन गेली. माझ्याकडे "माणूस नोकरी सोडून गेल्यावर" अशी सात कलमांची यादी आहे. सातवं कलम खातं पुसणं, userdel. ते मी केलं. तू वाचलंस, "दे" म्हणालास, पण नाखुशीनेच. नंतर ls -l देऊन प्रणालीने ठेवलेल्या फाइली मला दाखवल्यास. मालकाच्या जागी तिचं नाव नव्हतं, १००३ होतं. लिनक्स नाव लक्षात ठेवत नाही, आकडा ठेवतं. नाव आपल्याला दाखवण्यापुरतं असतं, आणि खातं पुसलं की दाखवायला नाव उरत नाही.

"ताय, वाचून सांग, ही बाई कोण?"

मी म्हटलं, तिला काय फरक पडतो, ती पनवेलला सुखात आहे. तू म्हणालास, गेलेल्या माणसाच्या खात्याला कुलूप लावायचं, passwd -l. पुसायचं नाही. मी म्हटलं, मग दहा वर्षांनी निम्मी यादी गेलेल्या लोकांची होईल. तू म्हणालास, होऊ दे.

पुढच्याच महिन्यात दिलीप लागला. मी त्याचं खातं काढलं. मशीनने रिकामा झालेला आकडा त्याला देऊन टाकला, १००३. त्याच क्षणी प्रणालीच्या सगळ्या जुन्या फाइलींवर दिलीपचं नाव दिसायला लागलं. एका जुन्या रिपोर्टमध्ये वय चुकलेलं सापडलं आणि मॅडम दिलीपवर तापल्या. तो बिचारा सांगत राहिला की मी तेव्हा इथे नव्हतोच. कोणी ऐकेना. तू तारीख काढून दाखवलीस तेव्हा प्रकरण मिटलं. मी प्रणालीचं खातं तिच्या नावाने परत काढलं, त्याला नवा आकडा दिला, chown ने तिच्या जुन्या फाइली तिच्याकडे वळवल्या आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी मी माझ्या यादीत दुरुस्ती लिहीत होते. तू मागे उभा होतास.

"यादी बरोबर होईल. पन दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लागलं की मानसाला काय होतं, ते त्या दिलीपला इचार."

मी लिहायची थांबले. वळले नाही. तू माझ्याबद्दल बोलत होतास की नुसतं दिलीपबद्दल, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही. तू पुढे काहीतरी म्हणणार होतास. "पन ताय," एवढं म्हणालास आणि पेणहून प्रिंटर अडल्याचा फोन आला. मी दुरुस्ती अर्धीच ठेवली. सातवं कलम आजही userdel च आहे.

आता काल काय झालं ते.

मॅडमनी सर्व्हरची देखभाल एका एजन्सीकडे द्यायचं ठरवलंय. त्यांचा निरोप आला की शुक्रवारपर्यंत न वापरली जाणारी खाती काढून टाका. मी माझी सात कलमांची यादी घेतली आणि वर तुझं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणाचं लिहिलं असतं तसंच लिहिलं.

पहिलं कलम, त्या माणसाच्या नावावर ठरलेल्या वेळी काय काय चालतं ते बघणं. crontab -u haresh -l. दोन वाजताची प्रत अजून तुझ्याच नावावर निघत होती. गेले पंधरा दिवस रोज, वेळेवर. त्या ओळीच्या वर तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलंयस: दोन वाजता पेणला प्रत. डिलीट नाय. ताय, परत टाकू नको. म्हणजे कधीतरी ही फाइल मी उघडणार, हे तू धरून चालला होतास. मी ती ओळ माझ्या crontab मध्ये घेतली, वरच्या टिपणासकट, आणि तुझ्यातून काढली. टिक.

दुसरं कलम, त्याच्या मालकीच्या फाइली मोजणं. find आणि wc -l. आकडा आला तो वहीत आहे. मोठा आहे. टिक.

तिसरं कलम, त्याचं फोल्डर बांधून बाजूला ठेवण्याआधी आत एकदा बघणं. तिथे तुझी history होती, तू दिलेल्या ओळींची नोंद. मशीन सहसा थोड्याच ओळी ठेवतं, तू मर्यादा काढून टाकली होतीस. मी grep लावून शोधलं आणि ती ओळ मिळाली. माझी ओळ, तुझ्या नावाखाली, मोकळ्या जागेसकट. तिच्या पुढे काय आहे ते मी तेव्हा कधी पाहिलं नव्हतं. पुढे ls /data/reports आहे. त्याखाली पुन्हा ls /data/reports. मग पुन्हा. मग पुन्हा. चार वेळा तू बघितलंस. तेव्हा मी काउंटरवर कोणाला तरी सांगत होते की पाच मिनिटं थांबा.

चौथं, पाचवं, सहावं कलम झालं. सातवी ओळ लिहिली. sudo userdel -r haresh. मधला -r म्हणजे फोल्डरसकट. हात उचलले, वर धरले आणि तशीच बसले. वाचायला कोणी नव्हतं. दिलीप रक्त घेत होता, बाकीच्यांना नियम माहीत आहे पण सवय नाही. दुपारचा एक वाजून गेला होता. मी सुगंधाला फोन केला.

तुझ्या बायकोला हे ओळ वाचायचं प्रकरण माहीत होतं. मी नियम सांगायला लागले तर म्हणाली, मला नका सांगू, गॅसचा नंबर लावताना पण मला वाचायला लावायचे, पोलिसांनी धरल्यासारखे हात वर करून बसायचे. आणि हसली. पंधरा दिवसांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मी स्क्रीनचा फोटो पाठवला. ती सावकाश एकेक अक्षर वाचायला लागली. एस, यू, डी, ओ. बांध. यू, एस, ई, आर, डी, ई, एल. बांध. वजा आर. बांध. एच, ए, आर.

तिथे थांबली.

"ताय, हे तर यांचं नाव हाय."

मला हे आधी सुचायला हवं होतं. मी सगळ्या गोष्टी आधी लिहून काढते, आणि ती ओळ वाचताना तिच्या समोर काय येणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यासाठी ते सातवं कलम होतं.

तिने विचारलं, यानं काय होणार? मी म्हटलं, सर्व्हरच्या यादीतून नाव जाईल. नि त्यांनी केलेलं काम? काम राहील, मी म्हटलं, त्याच्यावर नावाच्या जागी आकडा दिसेल.

मागे कुकरची शिट्टी झाली.

"मंग नको."

नियम नियम आहे. मी ओळ पुसली. तुझा वाद तू जिंकलास, हरेश. तुझ्या बायकोने जिंकून दिला.

फोन ठेवायच्या आधी मी तिला पहिलं काम सांगितलं. डोलवीच्या माणसांचे रिपोर्ट माझ्या हातून गेले. ओळ मी दिली होती, नाव त्याने घेतलं. मी एका दमात सांगितलं, यादी वाचल्यासारखं. तिला हे माहीत असेल असं मला वाटत होतं. तिला माहीत नव्हतं. म्हणाली, तेव्हा ते डोलवीवरून यायचे नि न जेवता झोपायचे, मी विचारलं तर म्हणायचे, चुकलं माझं. तिने मला बरं वाटेल असं काही म्हटलं नाही. मीही तशी अपेक्षा केली नव्हती, किंवा केली असेल.

"वहीत हाय ना ते? मंग वहीत लिवा."

मी म्हटलं, लिहिते. मग दुसरी ओळ पडद्यावर घातली, हात वर घेतले आणि फोटो पाठवला. sudo passwd -l haresh. कुलपाची ओळ. यावेळी ती न थांबता शेवटपर्यंत वाचत गेली. एच, ए, आर, ई, एस, एच. तुझं नाव पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "दे."

मी दिलं.

मग घोळवहीचं पहिलं पान काढलं. जुनी नोंद खोडली नाही, कारण खोडलेलं वाचता येत नाही. तिच्याखाली लिहिलं: वरील ओळ हरेशने दिलेली नाही, मंगलने दिली. त्याखाली सही आणि कालची तारीख. वही मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. "इतकी वर्षं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. विभागाचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ते सोमवारी बघू, आणि रविवारी हे सगळ्यांसमोर वाचणार आहेस का? मी म्हटलं, वाचणार आहे. म्हणून वाचते आहे. इथे डोलवीचं कोणी बसलं असेल तर त्यांनीही ऐकावं. एकसष्ट माणसांना दुसऱ्यांदा सुई माझ्यामुळे टोचली गेली.

वही परत घेऊन जागेवर आले तेव्हा दोन वाजायला आले होते. कालच्या कामाचीही नोंद करायची होती. काय झालं: हरेशच्या खात्याला कुलूप, पुसलं नाही. ओळ कोणी दिली: मंगल. पुढचा रकाना, ओळ कोणी वाचली. तिथे माझा हात विचार न करता तुझं नाव लिहायला लागला. ह काढून झाला होता. पेन तिथेच थांबवलं.

त्या ह च्या पुढे मी सुगंधाचं नाव लिहिलं. ह तसाच ठेवला. दोन वाजले आणि पेणची प्रत निघाली.